आबांचा डावा डोळा आणि थ्रीडी अंतराळ

वडिलांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हावं म्हणून मी त्यांना अंतराळात नेलं.

माझी बायको सविता याला आजही येडेपणा म्हणते. मी त्याला शास्त्रीय पद्धत म्हणतो. भोकरदनच्या एका शाळेत मी अठरा वर्षं विज्ञान शिकवतोय, तेव्हा एवढं म्हणण्याचा मला हक्क आहे. (विद्यार्थ्यांचं मत विचारू नये.)

आमच्या आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याचं ऑपरेशन या अंतराळवारीच्या महिनाभर आधी जालन्याला झालं. घरी परतल्यावर आबा मोसंबीच्या बागेत गेले आणि तिथूनच ओरडले, "आरं, पानं हिरवीगार हायेत की!" तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. डाव्या डोळ्याचं नाव काढलं की ते उठून बागेत निघून जात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "डाव्याचा मोतीबिंदू पिकत चाललाय. फार दिवस काढले तर ऑपरेशन अवघड होऊन बसेल." त्यातच एका सकाळी आबा रस्ता ओलांडत असताना डावीकडून आलेली जीप त्यांना दिसलीच नाही. ड्रायव्हरनं कचकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. घरी येऊन आबा म्हणाले, "त्या जीपवाल्याला दिसून नाही राह्यलं." त्या दिवसापासून सविताच्या आणि माझ्या जिवाला घोर लागला होता.

"आबा, डाव्याचंही करून टाकू," मी म्हणालो.

"कशापायी? एका डोळ्यानं बैलाचे दात मोजतो म्या. दोन डोळ्यांनी काय दोन बैल दिसणार हायेत?"

यावर माझ्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला. (तो जागा झाला की घरातले सगळे सावध होतात.) जालन्याला तेव्हा अंतराळावरचा एक भव्य थ्रीडी सिनेमा लागला होता. ग्रह फुटतात, यानं आदळतात, सगळं म्हणे अंगावर येतं! आणि थ्रीडीचं तत्त्व काय? प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र. दोन्ही डोळे धड असतील तरच गंमत, नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडर. सगळं थेटर किंचाळेल, आबा नुसते बसून राहतील, आणि बाहेर आल्यावर स्वतःच ऑपरेशनची तारीख विचारतील. योजना इतकी सुंदर होती की मी ती वहीत आकृतीसह लिहून काढली.

"आन् त्यांनला दिसलं तर?" सवितानं विचारलं.

"विज्ञान चुकत नसतं," मी म्हणालो.

दुपारी बाराचा शो. आम्ही तिघं एसटीनं जालन्याला पोहोचलो. दारात थ्रीडी चष्मे मिळाले. मी माझा डोळ्यांवर चढवला. आबांच्या डोळ्यावर दवाखान्याचा काळा गॉगल होता. डॉक्टरांनी 'उन्हात काढू नका' असं सांगितलं होतं; आबांनी त्याचा अर्थ 'काढूच नका' असा घेतला होता आणि ते तो अंघोळीच्या वेळीही काढत नसत. त्यांनी थ्रीडी चष्मा त्याच्यावर चढवला. तेवढ्यात थेटरातले दिवे विझले, आणि माझ्या काही ते लक्षात आलं नाही.

"मास्तर, अंधार हाय." (मी नोकरीला लागल्यापासून आबा मला नावानं हाक मारत नाहीत.)

"अंतराळात अंधारच असतो, आबा. उजेड पसरायला तिथं हवाच नसते."

"पर काईच दिसून नाही राह्यलं."

"हेच तर कौतुक! किती शास्त्रशुद्ध सिनेमा काढलाय बघा!"

दहा मिनिटं मी आबांना अंधाराचं महत्त्व समजावून सांगितलं. आमच्या मागच्या रांगेत एमआयडीसीतल्या पोलादाच्या रोलिंग मिलची सहा-सात माणसं बसली होती. त्यांतला एक शेवटी पुढं वाकून म्हणाला, "सर, माफ करा, पर पडद्यावर भर दुपार हाय."

सविता आबांकडं वळली आणि किंचाळलीच. "अवो, ह्यांच्या डोळ्यावर दोन-दोन चष्मे हायेत!"

काळा गॉगल निघाला, नुसता थ्रीडी चष्मा राहिला, आणि त्याच क्षणी पडद्यावर रॉकेट उडालं. आबांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "आयोऽऽ! काय जाळ हाय!"

"काका, आमच्या भट्टीपुढं ह्यो काईच न्हाई," मागून आवाज आला.

"मंग तुमच्या भट्टीचा शिनिमा काढा ना!" आबांनी मागं न बघताच सांगितलं, आणि तिथून पुढं सगळी मागची रांग आबांची झाली. पांढरा सूट घातलेला अंतराळवीर यानातून बाहेर आला, तेव्हा आबा ओरडले, "फवारणीला निघाला का हा? वाऱ्याकडं पाठ कर म्हणावं, न्हाई तर औषध तोंडावर यील!" तीन रांगा हसल्या. मी गालातल्या गालात हसत योजनेच्या मुख्य भागाची, म्हणजे दगडांची, वाट बघत होतो.

दगड आले. हजारो दगड. सगळं थेटर एकदम खाली वाकलं. बायका किंचाळल्या, कुणाचे तरी पॉपकॉर्न माझ्या डोक्यावर पडले. आणि आमचे आबा? ते ताडकन उभे राहिले, "गारपीट! गारपीट!" म्हणून ओरडले, खांद्यावरचा टॉवेल त्यांनी सविताच्या डोक्यावर धरला आणि दुसऱ्या हातानं ते हवेतले दगड परतवू लागले!

सबंध थेटरात ताठ बसलेला माणूस एकच होता. तो मी.

मला दगड दिसत होते. नाही असं नाही. पण ते आपले पडद्यावर होते, सपाट, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे. माणसं एवढी का घाबरतायत ते मला कळेना.

साहजिकच मी चष्म्याला दोष दिला. सविताचा चष्मा मागून घेतला. तोही खराब! शेजारच्या गृहस्थांचा घेतला. तोही खराब! मग मी 'जरा द्या हो' करत पुढं सरकत गेलो आणि चष्मे रांगेतून इकडून तिकडं फिरू लागले. त्या गडबडीत आबांचा काळा गॉगलही प्रवासाला निघाला असावा, कारण पार टोकाच्या खुर्चीवरून एक माणूस कळवळून म्हणाला, "ओ सर, माझ्याकडं तर रात झाली!"

मध्यंतरात समोशाच्या काउंटरपाशी आबांभोवती गर्दी जमली. जो तो आपण काय पाहिलं ते सांगत होता. एकाच्या कानाजवळून यान गेलं होतं, एकीनं ग्रहाची धूळ अंगावर आली म्हणून पदर झटकला होता. आबांचा दगड तर त्यांच्या मिशीला घासून गेला होता. मिलमधल्या एकानं आदरानं मला विचारलं, "सर, तुमी तं विज्ञानाचे. त्यो मोठा दगड किती जवळ आल्ता, अंदाजे?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. अठरा वर्षांची नोकरी पणाला लागली होती.

"साधारण... दोन फूट, सहा इंच," मी म्हणालो. (खोटं बोलताना इंच सांगावेत, लोकांचा विश्वास बसतो.)

उत्तरार्धात मी ठरवलं, दिसो न दिसो, आपण वाकायचं. लोक वाकले की मीही वाकायचो. अडचण एवढीच होती की मी वाकेपर्यंत लोक सरळ होत. एकदा तर समोरच्या साऱ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. मी म्हटलं, हा दगड सोडायचा नाही! सगळा जीव एकवटून खाली झेपावलो आणि माझं कपाळ पुढच्या खुर्चीवर धाडकन आपटलं. पडद्यावर नायिका पृथ्वीवर राहिलेल्या आपल्या लेकीचा निरोप घेत होती. लोक डोळे पुसत होते. पुढच्या खुर्चीवरचा माणूस वळून हळव्या आवाजात म्हणाला, "सर, रडा, पर जरा सबुरीनं."

सिनेमा सुटला. आबा मिशीला पीळ देत बाहेर आले. "झालं, मास्तर! समदं अंतराळ बघितलं. डाव्यात जरा धुकं हाय, पर काम भागतंय. आता ऑपरेशनचं बिलकुल नाव काढायचं न्हाई!"

मी मटकन बाहेरच्या चहाटपरीच्या बाकड्यावर बसलो. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तिचाच मी माझ्या हातानं निकाल लावला होता. मला रस्त्यावरची ती जीप दिसू लागली. खरं सांगतो, रडूच येत होतं.

"पर एक सांग," आबा चहा फुंकत म्हणाले, "तू दर बारीला उशिरा का वाकून राह्यला व्हता?"

"मी... मी निरीक्षण करत होतो."

आबांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. मोसंबीचं झाड ते असंच बघतात. मग टपरीवाल्याकडून त्यांनी काडेपेटी मागितली, एक काडी उभी धरली आणि दुसरी माझ्या हातात दिली. "ह्या टोकावर तुझ्या काडीचं टोक वरून टेकव."

मी टेकवलं. माझी काडी त्यांच्या काडीच्या चार बोटं अलीकडं उतरली. दुसऱ्या खेपेला चार बोटं पलीकडं. तिसऱ्या खेपेला ती सविताच्या चहात बुडाली. एव्हाना मिलची मंडळी भोवती जमली होती. त्यांतल्या एकानं सहज म्हणून केलं, पहिल्या झटक्यात जमलं. आबांना दुसऱ्या खेपेला जमलं, आणि तेही पिकत्या मोतीबिंदूसकट!

"ऊठ," आबा म्हणाले.

"कुठं?"

"डोळ्याच्या दवाखान्यात. चल जल्दी!"

महिनाभर ज्या दवाखान्याचं नाव काढलं की आबा बागेत पळत होते, त्याच दवाखान्याकडं ते माझं मनगट धरून तरातरा निघाले. मिलची मंडळी 'काका, बराबर हाय!' म्हणून टाळ्या वाजवत होती. दवाखान्याच्या पायऱ्या आबा माझ्यापेक्षा वेगानं चढले.

डॉक्टरांनी अर्धा तास माझे डोळे तपासले. मग म्हणाले, "सर, तुमचा डावा डोळा लहानपणापासूनच कमजोर आहे. मेंदूनं त्याचं ऐकणं कधीच सोडून दिलंय. तुम्ही आयुष्यभर एकाच डोळ्यानं बघताय! लहानपणी लक्षात आलं असतं तर पट्टी बांधून सुधारला असता. आता या वयात काही उपयोग नाही."

मला एकेक आठवू लागलं. क्रिकेटमध्ये माझ्या हातात कधीच न आलेला चेंडू. गेटच्या खांबाशी माझ्या मोटारसायकलचं जुनं वैर. वर्गात एक डोळा झाकून दोन पेन्सिलींची टोकं जुळवायचा प्रयोग, जो मला दोन्ही डोळे उघडे ठेवूनही जमत नसे, आणि मी 'बघा, किती अवघड असतं!' म्हणून पुढच्या धड्याकडं वळत असे.

"तरीच!" सविता उसळून म्हणाली. "पंधरा वर्सं ह्यांनी माज्या टेबलक्लॉथवर चहा ओतला!"

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, पुन्हा ठेवला. "मोसंबीच्या पानावरला डाग म्या बांधावरून वळखतो," ते हळू बोलले. "आन् घरातल्या लेकराचा डोळा मला वळखू आला न्हाई, दिगंबर."

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत पाणी आलं. (त्या कामापुरता डावाही ठणठणीत आहे.) "आबा, माझं मलाच कळलं नाही, तुम्हाला कसं कळणार?" मी म्हणालो.

आबा एकदम डॉक्टरांकडं वळले. "साहेब, ह्याच्या डोळ्याला इलाज न्हाई म्हणता. माझ्या डाव्याला हाय ना?"

"आहे की! म्हणाल तेव्हा."

"मंग परवाच करून टाका. आमा बाप-लेकात एकाला तरी दोन डोळे पायजेत!"

सवितानं माझा हात एवढ्या जोरात दाबला की बोटं कळवळली. मी जिंकलो होतो! माझ्या योजनेतलं एकही पाऊल बरोबर पडलं नव्हतं, आणि तरी मी दणदणीत जिंकलो होतो. मी मनातल्या मनात विज्ञानाचा जयजयकार करत होतो, तेवढ्यात सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आली.

"पेशंटसोबत कोण आहे?"

"ह्यो काय, माझा लेक," आबा छाती पुढं काढून म्हणाले. "विज्ञानाचा मास्तर हाय. सही कुठं करायची तिथं तेवढं बोट ठिवा बाई, त्याला अंदाज येत न्हाई."

सिस्टरनं रेघेवर बोट ठेवलं. मी पेन घेतला, श्वास रोखला आणि जन्मात केली नसेल अशी सावकाश, जपून सही केली. 'दिगंबर' फॉर्मवर आलं. आडनाव सिस्टरच्या नखावर.