आठ तासांची खोडलेली ओळ

"मॅडम, सायनाइड पुन्हा संपलं," लॅबमधली पल्लवी म्हणाली.

कपाटातलं नव्हे, बाटलीतलं. सकाळी घातलेलं सगळं त्या दगडाच्या पिठाने खाल्लं होतं आणि सोनं होतं तिथेच होतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका लहान लॅबमध्ये मी मेटलर्जिस्ट होते. रिटायर झाले, आजी झाले, तरी काही अडलं की चिखलोलीहून मला बोलावून घेतात. काम साधं. खाणवाले दगड पाठवतात, आम्ही तो दळतो आणि पाणी, चुना, सायनाइड घालून बाटली रोलरवर दिवसभर फिरवत ठेवतो. सायनाइडमध्ये सोनं विरघळतं. चुना नसेल तर सायनाइडचा विषारी वायू होतो. काही दगड मात्र हट्टी असतात. या वेळच्या दगडात लोखंड-गंधकाचं एक खनिज होतं. आगंतुक पाहुणा नवरदेवाच्या आधी पानावर बसावा, तसं ते सोन्याच्या आधी सायनाइडवर ताव मारत होतं.

हा दगड पाठवणाऱ्या खाणीचे रामय्यासाहेब कर्नाटकातून आले होते. परवा परत जायचे होते.

"मॅडम, खदान के नीचे गांव का तालाब है. इतना सायनाइड लिखके मैं उन लोगों के सामने खडा नहीं रह सकता. आधा करो, नहीं तो प्लांट भूल जाओ."

लॅबचा मालक मनोहर, उल्हासनगरचा, घाईत म्हणाला, "आंटी, डोस थोडा बढाके देखें?"

"जंत झालेल्या पोराला पोळ्या वाढून वजन वाढतं का रे?"

मला एका जागी बसवेना. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून म्हटलं, "पल्लवी, पद्धतीची फाईल आण."

झेरॉक्सची झेरॉक्स होती. 'चुना घालावा. सायनाइड घालावे.' मधली एक ओळ खोडलेली. चष्मा वर-खाली करून वाचली: 'आठ तास हवा सोडावी.'

"कुठल्या गाढवाने खोडली ही?"

पल्लवीने शेजारच्या सहीवर बोट ठेवलं. "मॅडम, तुमचीच सही आहे."

आठवलं. चोवीस वर्षांची होते, गोल्ड मेडलची नशा उतरली नव्हती. आठ तास हवा म्हणजे संध्याकाळपर्यंत अडकणार, आणि मला उल्हासनगरच्या बाजारात, कॅम्प तीनला, साखरपुड्याची साडी घ्यायची होती. त्या महिन्याचा दगड गरीब स्वभावाचा होता, हवेवाचूनही सोनं देऊन गेला. बाईसाहेब स्वतःला संशोधक समजल्या. ओळ खोडली, लांबलचक सही ठोकली. सही इतकी ऐटदार की पुढे कुणी विचारलंच नाही. साडी चॉकलेटी निघाली. एकदाच नेसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा नमुना चुन्याच्या पाण्यात घेतला आणि कॉम्प्रेसरची नळी सोडली. हवेने त्या खनिजावर गंजाचा थर चढतो, मग त्याची भूक मरते. सायनाइड त्यानंतर. सांगायला दोन वाक्यं, काढायला आठ तास. मी दर दहा मिनिटांनी डोकावत होते.

"मॅडम, इडल्या आहेत का त्या? बसा ना!" पल्लवीने माझं स्टूल खिडकीशी नेऊन ठेवलं. मी उभीच राहिले.

संध्याकाळी सायनाइड घातलं, बाटली रोलरवर चढवली. रामय्यासाहेबांनी जाणं एक दिवस पुढे ढकललं. दुसऱ्या संध्याकाळी बाटली उतरवून तपासली. सायनाइड निम्म्याहून कमी लागलं होतं आणि सोनं उलट जास्त आलं होतं. माझा विश्वास बसेना. पल्लवीला पुन्हा तपासायला लावलं. तेच.

रामय्यासाहेब कागद धरून बसले. "झीरो तो नहीं हुआ."

"होणारही नाही. झीरो बोलनेवाले को गांव में घुसने मत दो. जो बचेगा, उसका जहर तोडे बिना पानी बाहर नहीं छोडना. वो भी लिखके देती हूं."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "ये लेके मैं जा सकता हूं."

ते गेल्यावर पल्लवी नवी पद्धत टाइप करू लागली. "मॅडम, ओळ आधी का खोडली होती, त्याचं कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

"लिही, साडी."

तिने खरंच लिहिलं. तेव्हापासून लॅबमध्ये नियम आहे: ओळ खोडायची तर शेजारी खरं कारण लिहायचं. हल्ली फारशा ओळी खोडल्या जात नाहीत.