किमोनो, क्रांती आणि आमचा मंदार

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, रूममेट तेवढा नीट निवडावा लागतो! अमेरिकेत, ॲन आर्बरच्या थंडीत दाराशी बुटांचा ढीग साठतो, तसे ते साठत जातात. आमच्या घरात मी आणि नागपूरचा प्रसन्न, दोघंही मेकॅनिकलवाले. तिसरा मंदार. हा पठ्ठ्या इंजिनिअरिंग सोडून सिनेमावर पीएचडी करत होता. विषय काय, तर साठ-सत्तरच्या दशकातल्या जपानी ‘पिंक’ सिनेमांतली विचारसरणी! पिंक म्हणजे, थोडक्यात, चावट.

*

विषय कळल्यावर प्रसन्नला अभ्यासाची भयंकर ओढ लागली. रविवारी दुपारी पडदे ओढून, पॉपकॉर्न घेऊन आम्ही बसलो. नायिकेनं किमोनोची गाठ सोडली. आम्ही श्वास रोखला. तेवढ्यात नायक उठून खिडकीशी गेला आणि अमेरिकन लष्करी तळाविरुद्ध बोलायला लागला. बोलतोय, बोलतोय, थांबतच नाही!

प्रसन्न कळवळून म्हणाला, “अबे, हा तर सभाच घेऊन राहिला बे!”

*

मंदारनं मग आमचा क्लास घेतला. “निर्मात्याची अट एकच. दर थोड्या वेळानं कपडे उतरले पाहिजेत. बाकी दिग्दर्शक मोकळा! मग तो मधल्या जागेत विद्यार्थ्यांचं आंदोलन घालतो, सम्राटावर टीका करतो.”

“कळलं,” मी म्हणालो. “आपण रिसर्च पेपर लिहितो तसंच. दर दोन पानांनी ॲडव्हायझरच्या आवडीचं टाकायचं, मधे आपलं घुसवायचं!”

*

मंदारनं घरी सांगितलं होतं, “जपानच्या विद्यार्थी चळवळीवर काम करतोय.” खोटं नव्हतंच ते! आईला इतका अभिमान वाटला, की एकदा फोनवर म्हणाली, “त्यातला एखादा सिनेमा पाठव ना. गणपतीत सोसायटीच्या मुलांना दाखवू या!”

मंदारला घाम फुटला. “आई, इथल्या कॅसेट तिकडे चालत नाहीत गं!”

*

आमच्याच युनिव्हर्सिटीत पब्लिक हेल्थ शिकणारी गौरी एकदा आमच्याबरोबर सिनेमा बघायला बसली. संपल्यावर तिनं एकच विचारलं, “क्रांती सगळ्यांची, मग कपडे एकट्या बाईनंच का उतरवायचे?”

मंदारनं वही ओढली. त्या प्रश्नावर त्याचा अख्खा चॅप्टर झाला. गौरीवर प्रेमही झालं.

*

गौरीचे आईवडील नाशिकहून आले. “त्यांना आवडलास तरच लग्न,” गौरीनं बजावलं होतं. काकांचं आयुष्य कामगार युनियनमध्ये गेलेलं. आल्या आल्या म्हणाले, “तुझा अभ्यास बघू दे. लाव एखादा.”

आमचे चेहरे पडले. मंदारनं त्यातल्या त्यात फॅक्टरीच्या संपाचा सिनेमा काढला आणि रिमोट घट्ट धरून बसला. कुणी नुसता पदराला, म्हणजे किमोनोला, हात घातला की फास्ट फॉरवर्ड! वर प्रसन्नचा खोकला. सिनेमा बघता बघता संपला.

काकांचे डोळे भरून आले होते. “पुढाऱ्यानंच संप फोडला रे! आमच्याकडे हेच झालं.” त्यांनी मंदारच्या पाठीवर थाप मारली. “पोरगा विचारांचा पक्का आहे. माझ्याकडून होकार!”

सगळे काकूंकडे बघायला लागले. काकू सोफ्याच्या कोपऱ्यात बसून होत्या.

“साखरपुड्याचं ठरवू सावकाश,” त्या म्हणाल्या. “आधी तू ते मघापासून पळवत होतास ना, ते परत लाव. त्यातही काही विचार असतीलच की!”