अंगठीवाल्याच्या नंतरची खूण

“तू थंयच बस गो, दाराकडे. माशांचो वास येता.”

भाटकारीण, आमच्या जमीनदाराची बायको, माझ्या आईला म्हणाली. आमच्या वाड्यावरच्या कपेलात, त्या छोट्या चर्चमध्ये, हातात जपमाळ धरून.

आई चोपड्याच्या धक्क्यावरचे मासे पेडण्याच्या बाजारात विकून थेट आली होती. ती उंबऱ्याशी टेकली. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या. कपेलातल्या खुर्च्या भाटकाराच्या घरून येतात. त्यांवर कोण बसणार, तेही त्याच घरात ठरतं. आम्ही चटईवर. माझे आजोबाही चटईवरच बसले. याला कोणी नियम म्हणत नाही, म्हणून मोडायचा कसा तेही कळत नाही.

त्या दिवशी बायबलमधलं एक जुनं पत्र अभ्यासायचं होतं, पहिल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेलं. वाचणारी मी. माझा आवाज चांगला, असं भाटकारीण म्हणते. या कौतुकावर माझा कधी विश्वास बसला नाही.

वाचता वाचता ती जागा आली. सभेत सोन्याची अंगठी घातलेला येतो, त्याला मानाची जागा. मळक्या कपड्यांतल्या गरिबाला सांगतात, उभा रहा, नाहीतर पायाशी बस. असा भेद करणारे मनाने वाईट, असं पत्र म्हणतं.

मी वर पाहिलं. भाटकारणीच्या बोटात अंगठी. ती मान डोलवत होती.

मग चर्चा. आजच्या भाविकांनी यातून काय घ्यावं? ती म्हणाली, तेव्हाचे लोक तसे होते, आपल्यात देवाच्या कृपेने भेद नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. चटईवरच्यांनीही. आईनेसुद्धा.

तिथे माझं डोकं फिरलं. मी रिकामी खुर्ची उचलली, दारात नेऊन ठेवली. आई घाबरली.

“नाका गो चेडवा. माका हंयच बरां.”

बसली नाही.

परवा भाटकारीण आमच्या अंगणात आली. पहिल्यांदाच. फेस्ताला, कपेलाच्या सणाला, पत्र तूच वाच, म्हणाली. इतकी गोड बोलली की मी सावध झाले. मग तिने पत्राचं पान उघडलं. पेन्सिलीची खूण होती.

“हंयसून सुरू कर. आदलां लांबता.”

खूण अंगठीवाल्याचा भाग संपल्यावर होती.

मी हो म्हटलं. वाचणार मीच. पण खुणेच्या आधीपासून. आईला सांगितलंय, बाजारातून थेट ये, साडी बदलू नकोस. ती येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरची प्लास्टिकची खुर्ची मी सगळ्यांत पुढे मांडणार आहे. रिकामी राहिली तरी राहू दे. ती कोणी हलवली, तर मी अंगठीवाल्याचीच ओळ पुन्हा वाचेन. पुढची वाचणार नाही.