केसांना पुसलेली शाई

आज पोस्टात एका म्हातारीने अंगठा उठवला आणि शाई सहज केसांना पुसली.

पूर्वी मी कातकरी वाडीवर औषधपाणी करायचो. पैसे सरकार देई. बिलावर मात्र रुग्णाचा अंगठा लागे. वाडीतली ठमी माझ्या उपचारात असताना तापाने गेली, तेव्हा तिचा अंगठा घ्यायचा राहिला होता. तिच्या नवऱ्याला मी म्हणालो, "बाळू, तिचा हात जरा धर."

त्याने धरला. मी ठसा घेतला.

"डाक्टर, आता ती शाई कशी पुसंल?" म्हणत त्यानेच तो अंगठा तिच्या केसांवरून फिरवला.

बिल मंजूर झालं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. ठमीच्या काळ्या केसांत शाई दिसली नव्हती. या म्हातारीच्या पांढऱ्या केसांत निळा डाग स्पष्ट दिसत होता.