आधी कुणाचं बोअर बंद

आमच्या बिल्डिंगमध्ये पप्पांना सगळे बागायतदार म्हणायचे. घाटकोपरला चौथ्या मजल्यावर राहणारा, आयुष्यभर कंपनीत फिटर असलेला माणूस, आणि बागायतदार! चेष्टाच होती, पण पप्पांना ती आवडायची. नोकरीत असताना त्यांनी गावाकडे थोडी जमीन घेतली होती. रिटायर झाल्यावर तिथे बोअर घेतलं आणि मोसंबी लावली. गाव जालना जिल्ह्यातलं, पावसाचा भरवसा नसलेलं. झाडं सांभाळायचा माझा चुलत भाऊ, आणि पप्पा रोज सकाळी चहा घेता घेता त्याला व्हिडिओ कॉल लावून बाग बघायचे. "कॅमेरा खाली घे. बुंधा दाखव. अरे, आभाळ काय दाखवतोस, ते इथंपण आहे." आई म्हणायची, पोरांच्या तब्येतीची एवढी चौकशी या माणसाने जन्मात केली नाही.

त्या वर्षी पाऊस मध्येच दगा देऊन गेला. दसरा झाला आणि एका रविवारी सकाळी भाऊ न कळवता आमच्या दारात उभा राहिला. रात्रभर प्रवास करून आलेला. पिशवी ठेवली, पाणी प्यायला आणि पप्पांच्या समोरची खुर्ची सोडून माझ्या शेजारी येऊन बसला. एरवी काकांना चिकटून बसणारा हा माणूस. मला तेव्हाच वाटलं, काहीतरी बिनसलंय.

गावात पाणी समिती झाली होती आणि भाऊ तिच्यात होता. आमच्या वस्तीतला एकटाच. समितीने विहिरी मोजल्या, बोअर मोजली, माणसांना किती लागेल, जनावरांना किती लागेल ते काढलं, आणि उरलेल्या पाण्यात काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरलं. ज्वारी, करडई, थोडा हरभरा. ऊस नाही, उन्हाळी कांदा नाही. दिवाळीनंतर सगळी बोअर फक्त पिण्याच्या पाण्यासाठी राखायची.

"सगळी म्हणजे?" पप्पांनी विचारलं.

"सगळी, काका."

"आणि बागा?"

भाऊ खिशातला मोबाइल काढायला लागला.

"विचारतोय मी. बागा?"

"बागांना पण नाही."

पप्पांनी कप एवढ्या हळू खाली ठेवला की मला धडकी भरली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

भावाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात समितीने मांडलेला हिशेब होता. "ताई, तू गणिताची बाई. तूच बघ अन् सांग काकांना." मी मुलुंडच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरात कुठलाही वाद आकड्यांवर आला की तो माझ्या गळ्यात पडतो. मी चूक शोधायलाच बसले होते. मला ती हवी होती. सापडली नाही. मोसंबीला पाणी चालू ठेवलं तर होळीनंतर पहिला आटणार होता तो आमच्याच वस्तीवरचा हापसा, कारण तो बोअरच्या सगळ्यात जवळ. आणि पाणी बंद केलं तर झाडं उन्हाळा काढणार नव्हती.

"पप्पा, हिशेब बरोबर आहे."

"असेल. हिशेबात काय धरायचं ते कुणी ठरवलं?"

"ग्रामसभेनं ठरवलं ओ काका. मी होतो ना तिथं," भाऊ म्हणाला. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मला म्हणी नको शिकवू. तुझ्या आजीला त्या आडाला शिवायची बंदी होती. घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. दुपार व्हायची तिची. त्या गावाला आता माझं पाणी मोजायचंय? आणि मी काय पेरू? ज्वारी? माझ्या बापानं शेजारच्या मळ्यात सालगडी म्हणून जन्म काढला, त्याला काय मिळायची? ज्वारी. आपल्यात कुणी फळबाग लावली होती याच्याआधी? नाव सांग एक."

मला दोघांचाही राग येत होता. पप्पांचा, कारण ते चुकत नव्हते, आणि भावाचाही, कारण तोही चुकत नव्हता. अशा भांडणात मध्ये पडणाऱ्याची वाट लागते. शिवाय पप्पांची बीपीची गोळी घ्यायची राहिली होती आणि त्यांच्या कानामागची शीर उडायला लागली होती.

तेवढ्यात आईने आतून हाक मारली, पाणी आलंय. आमच्याकडे नळाला पाणी आलं की बाकी सगळं थांबतं, भांडणसुद्धा. भाऊ सुटल्यासारखा उठला आणि आईच्या हातातली बादली घेऊन पिंप भरायला लागला. मला वाटलं, चला, जरा निवळेल. पण पप्पा त्याच्या मागोमाग मोरीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"एक सांग. आधी कुणाचं बोअर बंद होणार?"

भावाने नळ बंद केला. मग म्हणाला, "आपलं."

"का?"

"मी समितीत आहे, काका. घरचं बोअर चालू ठेवून शेजारच्याला कुठल्या तोंडानं सांगू, ऊस मोड म्हणून?"

शेजारचा म्हणजे ज्या मळ्यात आजोबा सालगडी होते, त्याच घरातला आताचा मालक. आमच्या बांधाला त्याचा बांध.

"आणि आपलं बंद झाल्यावर तो नाही म्हणाला तर?"

"तर बघू."

"बघू?" पप्पा माझ्याकडे वळले. "तुझ्या गणितात हे येतं का गं? आधी कुणी उपाशी राहायचं? नेहमी आधी आपणच का?"

आई म्हणाली, "पोराला आधी जेवू तर द्या." तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

मग पप्पा जे बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. "तुला सोपं आहे. झाडं तुझी नाहीत ना."

भावाच्या हातातली बादली मोरीत आपटली, निम्मं पाणी सांडलं.

"कुणाची आहेत मग? तुम्ही फोनवर बघता, काका. पहिल्या उन्हाळ्यात मोटर जळाली तवा हंडे वाहून कुणी जगवली? मी अन् माझ्या बायकोनं. तिच्या पोटात पोर होतं. कुठल्या झाडाला काय झालं ते मला अंधारात हात लावून कळतं. यंदा पहिला बहार धरायचा होता आपण, पहिलं फळ. मला नाही कळत?" तो परत नळाकडे वळला, नळ सोडला आणि चेहऱ्यावर पाणी मारत राहिला, बराच वेळ.

पप्पा हॉलमध्ये येऊन खिडकीशी बसले. जेवायला उठले नाहीत. भाऊही उपाशी, आणि ते दोघे उपाशी म्हणून आई उपाशी. मी तेवढी जेवले, कारण मला भूक सहन होत नाही, आणि जेवताना रडत होते. हा माणूस आता पुतण्याला घराबाहेर काढणार, गाव कायमचं तुटणार, असंच मला वाटत होतं.

दुपार कलल्यावर पप्पांनी त्याला हाक मारली. जवळ बसवलं.

"स्टार्टरला तू हात लावायचा नाहीस. समितीनं पण नाही. माझं बोअर मी बंद करणार."

"काका..."

"ऐक. सगळ्या गावाला बोलाव. शेजाऱ्यालाही. आपल्याकडे सोडण्याइतकं पाणी आहे, हे एकदा बघू दे त्यांना."

भावाने मान डोलावली. मग आईने दोघांना वाढलं. दोघं एकमेकांकडे न बघता जेवले.

दिवाळी झाल्यावर पप्पा एकटेच गेले. माझी शाळा सुरू झाली होती आणि आईचे गुडघे दुखत होते. ठरलेल्या दिवशी मी घरी पोचते तोच भावाचा फोन आला. पप्पांनी मोटर बंद केली होती. गाव जमलं होतं, कुणीतरी नारळ आणला होता, पप्पांनी तो फोडू दिला नव्हता. लोक आता पांगले होते. मी पप्पांना फोन द्यायला सांगितला.

फोनमध्ये घरघर ऐकू येत होती.

"पप्पा, मोटर बंद केली ना? मग हा आवाज?"

"शेजारची. उसाला चालू आहे."

"मग तुम्ही काय करताय तिथं?"

"बांधावर बसलोय. त्याला दिसतोय मी."

"अहो, किती वेळ बसणार?"

"मला कुठं ड्यूटीवर जायचंय?"

त्यांनी फोन भावाला दिला. मी त्याला म्हटलं, ठेवू नकोस, चालू राहू दे. मी स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला. आई भाकरी थापायची थांबली होती. खाली भाजीवाल्याची गाडी येऊन गेली, शेजारच्यांचा टीव्ही लागला, आणि आम्ही दोघी घाटकोपरच्या स्वयंपाकघरात उभं राहून जालन्याच्या उसाला चाललेलं पाणी ऐकत होतो. मी मनातल्या मनात शेजाऱ्याला शिव्या घातल्या, मग पप्पांना, मग त्या कोरड्या पडलेल्या आभाळाला.

अचानक घरघर थांबली.

"लाइट गेली का रे?" मी ओरडले.

"नाही, ताई. लाइट आहे." भाऊ म्हणाला. "त्यानं बंद केली. स्वतः येऊन बंद केली. ताई, बंद झाली!"

आईने डोळ्याला पदर लावला. मला हसू फुटलं. "पप्पांना दे फोन. म्हणावं, जिंकलात, आता उठा."

"काका नाही उठत, ताई. त्यांनी तिकडं बघितलंच नाही. झाडांकडं तोंड करून बसलेत."