आभाय

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही वाचणारे, माझ्या तोंडाकडे बघत नाही, एवढंच कारण असेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वर्ध्याला डी.एड. करत होते. वसतिगृहात माझ्या खोलीत सुमन होती, गिरडकडच्या खेड्यातली. तिच्या घरात पुस्तकाला हात लावणारी पहिलीच. शिकवायची अशी, की पोरं मधल्या सुट्टीतही तिचा पदर सोडत नसत. अडचण एकच — ‘ळ’. तिच्या जिभेवर त्याचा ‘य’ व्हायचा. आमच्याकडे घरोघरी तसंच बोलतात म्हणा. पण मी शहरातल्या कारकुनाची मुलगी, वर्गात जीभ बदलायची मला सवय होती. तिला ते काही केल्या जमेना.

मग मीच शक्कल काढली. तिच्या प्रत्येक सरावपाठाचं टाचण मी लिहून द्यायची — त्या अक्षराशिवाय. शब्द बदल, वाक्य फिरव, हसून हसून पोट दुखायचं आमचं. वर्षभर एकही शब्द सुटला नाही. मैत्रिणीसाठी करत होते हो, खरंच. निदान तेव्हा तरी.

पुढे एक दिवस सर सर्वांदेखत म्हणाले, शिकवावं तर सुमनसारखं. शेवटच्या पाठाला जिचा पहिला नंबर, तिला इथेच नोकरी. शब्द माझे — आणि नाव तिचं? अंगाचा नुसता तिळपापड... नाही, हा शब्दही नको. जीव जळला... तोही नको. अंगाची आग आग झाली माझ्या, बस.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, वाचनाचा उतारा बदलते, उद्या देते. दिला तो वर्गाच्या दारात. तिने आधी वाचूनसुद्धा बघितला नाही. माझ्यावर विश्वास होता ना! कापसाच्या शेताचं वर्णन. शेवटचा शब्द — आभाळ.

नजरचुकीने राहिला? छे. मी आधी ‘आकाश’ लिहिलं होतं. ते खोडलं.

मी मागच्या बाकावर, निरीक्षणाची वही घेऊन. ती छान वाचत गेली आणि त्या शब्दापाशी थबकली. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं. ‘आभाय,’ ती म्हणाली. मुलं हसली नाहीत — सवयीप्रमाणे अख्ख्या वर्गाने तिच्यामागून म्हटलं, ‘आभाय!’ हसले ते बाहेरून आलेले परीक्षक. त्यांनी तिला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. तीनदा पोरं तिच्यामागून ओरडली.

ती नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसली नाही. ती ट्रंक भरत होती आणि मी रडत होते — लाजेने की भीतीने, देव जाणे. तर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘रडून काऊन राह्यली वो? चुकून आलं असन तुह्या हातून.’

मी ‘हो’ म्हटलं.

नोकरी मला लागली. निवृत्त होईपर्यंत केली.

आता हा कागद पुन्हा तपासून बघितला. ते अक्षर कुठे कुठे आलं, मोजलं. त्याचंच नाव सांगताना, तिच्या उताऱ्यात, आणि राग आठवला तिथे दोनदा. बाकी कुठेच नाही. चुकून येत नसतं ते.