घोंगडीतून गेलेली धूळ

माझी गाडी इंजिनाचं तेल प्यायला लागली तेव्हा मी आधी तेलाच्या दुकानदाराला फैलावर घेतलं. मालच भेसळीचा, असं सगळ्यांना ठणकावून सांगत सुटले. गाडी जुनी, सात माणसांची, काटा तीन लाख किलोमीटरच्या घरात आलेला. मागून निळा धूर निघत होता, दर पंधरवड्याला लिटरभर तेल ओतावं लागत होतं. इंजिनातच काहीतरी बिघडलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळायला दोन महिने लागले, कारण दोष आपल्या घरात असेल हे माझ्या डोक्यात लवकर शिरत नाही.

निमगाव सावाजवळच्या आमच्या वस्तीवरून मी रोज ओतूरला माझ्या शिवणकामाच्या दुकानात जाते. वस्तीतल्या तीन मुली माझ्याबरोबर कॉलेजला येतात. एसटीचा फाटा चार किलोमीटरवर, मधे दोन्ही अंगांना ऊस आणि उसात बिबट्या. मुलींच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तुमची गाडी आहे तोवर कॉलेज. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती.

शेवटी गाडी ओतूरच्या मेस्त्रीकडे दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन उघडून मला जवळ बोलावलं.

"ताई, हितं नख फिरवा."

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून मी बोट वर नेलं. काठाजवळ नख अडकलं. पिस्टनच्या रिंगा जिथवर घासत होत्या तिथवर भिंत झिजली होती आणि वर मूळ लोखंडाची बारीक पायरी उरली होती. फट पडल्यामुळे तेल वर चढत होतं आणि जळत होतं.

"पण एवढं झिजलं कशानं?" मी विचारलं.

त्यानं हवेच्या फिल्टरचा डबा पुढे सरकवला. आत कागदी फिल्टर नव्हताच. त्या जागी काळ्या घोंगडीचा तुकडा दुमडून, कडा शिवून बसवलेला होता.

"फुफाटा समदा ह्यातनं आत गेलाय. पॉलिश पेपर मारल्यावानी घासलंय त्यानं."

टाका मी लगेच ओळखला. तो माझ्या सासऱ्यांचा, आबांचा होता. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. पाऊस, थंडी, वारा, सगळं त्यांनी घोंगडीवर काढलं. उसाच्या ट्रॅक्टरांच्या धुळीनं फिल्टर सारखा तुंबतो म्हणून मी घरात कुरकुर करायचे. त्यांनी मुकाट्यानं त्यावर इलाज केला होता.

मी तणतणत घरी गेले आणि एका दमात सगळं ऐकवलं. आबा खाली मान घालून ऐकत होते.

"घोंगडीतनं पानी जात न्हाई, तर धूळ कशी जाईल, असं वाटलं व्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आता पोरींचं कसं?"

एवढ्या आदळआपटीत हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. फार लाज वाटली.

सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून रुंद करून, मोठे पिस्टन बसवता येणार होते, पण अकरा दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा काठी आणि बॅटरी घेऊन अंगणात उभे. तिन्ही घरांपुढे जाऊन ते एवढंच म्हणाले, "पोरी मी नेतो." त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

पुढे आबा, मधे मुली, मागे मी. मेंढरं हाकताना देतात तशी आरोळी ते मधूनमधून द्यायचे. मुलींना म्हणायचे, "गप चालू नका. आवाज पायजे." रोज काय बोलणार? मग मुली धडे म्हणू लागल्या. हृदयाचे कप्पे, रक्ताभिसरण, सगळं अंधारात उसाला ऐकवत आम्ही फाट्यावर पोचायचो. संध्याकाळी एसटी यायच्या आधीच आबा तिथं बसलेले दिसायचे. अकरा दिवसांत एकही खाडा पडला नाही. त्या दिवसांत मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

बाराव्या दिवशी गाडी दारात आली. धूर बंद झाला होता. पहिले हजार किलोमीटर हळू चालवा, रिंगा बसू द्या, असं मेस्त्रीनं बजावलं होतं. मुली चढल्या. आबा ओट्यावरच उभे राहिले.

"आबा, चला की," एक म्हणाली.

"गाडीत कशाला मी? आता बिबट्या न्हाई का काय न्हाई."

"धडा कोण ऐकनार?"

ते पुढच्या सीटवर येऊन बसले. मागून एका मुलीनं रक्ताभिसरण सुरू केलं. गाडी सावकाश चालली होती. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आबांनी तिला मधेच थांबवलं.

"काल तू ह्याच्या आधी फुप्फुस म्हनली व्हतीस."

तिनं वही उघडून पाहिलं. आबांचं बरोबर होतं.